गोरिलांच्या परिषदेत काय बोलावे: एका तरुण किपरला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा, दोन्ही मिळाले. मसुदा आधी वाचला आणि पत्र नंतर, त्यामुळे थोडा चिडलो. कारण पत्रात जे आहे ते मसुद्यात कुठेच नाही. पत्रात तू लिहितेस की तुमच्या कळपातील प्रमुख नराचा खुराक बदलून वर्ष होत आले, वजन उतरले, पण खाल्लेले उलटून काढायचे आणि पुन्हा खायचे ही त्याची खोड निम्म्यावर येऊन थांबली, ती पुढे हटेना. मसुद्यात मात्र मध्य आफ्रिकेतील विरुंगाच्या डोंगरांवरचे धुके आहे, पर्वतीय गोरिलांची संख्या वाढल्याची आनंदवार्ता आहे आणि शेवटच्या पानावर मावळतीचा सूर्य आहे. प्राण्यांची रोजची निगा राखणारे किपर, पशुवैद्य, आहाराचे जाणकार आणि आफ्रिकेच्या रानात काम करणारी माणसे एका सभागृहात बसणार, त्यांच्यापुढे तुला वीस मिनिटे मिळणार, आणि ती तू स्वतः कधीच न पाहिलेल्या गोष्टींवर खर्च करायला निघाली आहेस.

तुझा गोंधळ मला कळतो. "सर, मी दिवसभर भाजी चिरते आणि घाण काढते, याला संवर्धन कसे म्हणायचे?" असे तू विचारतेस. अर्धवट निकाल सांगितला तर मोठी माणसे काय म्हणतील, ही भीती त्याच्या पाठीमागे आहे. परळच्या महाविद्यालयातून पशुवैद्यकाची पदवी घेऊन, घरच्यांची समजूत काढून तू इतक्या दूर या कामासाठी गेलीस, तेव्हा प्राण्यांविषयीच्या तळमळीवर मी तुला व्याख्यान देणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. जे स्वतः पाहिले तेच सांग, आणि जे पाहिले ते सगळे सांग.

आधी त्या धुक्याचा निकाल लावू. तुझ्या आवारातील गोरिला पश्चिमेकडील सखल प्रदेशातील आहेत. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील जवळजवळ सगळेच गोरिला त्या जातीचे. पर्वतीय गोरिला हा पूर्वेकडील गोरिलांचा प्रकार, आणि तो एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक दाखवून तू आपल्या मशागतीची गोष्ट सांगणार. त्या सभेत विरुंगाचे डोंगर तुडवलेले कोणीतरी बसलेले असेल, ते सौजन्याने टाळ्या वाजवील आणि चहाच्या वेळी तुझ्याशी बोलायला येणार नाही.

पर्वतीय गोरिलांच्या संख्येचा तू दिलेला १,०६३ हा आकडा खरा आहे, परंतु तो कसा आला याबद्दल तुझ्या मसुद्यात अक्षर नाही, आणि तुला शिकण्यासारखे जे आहे ते नेमके तिथेच आहे. गोरिला रोज संध्याकाळी नवे घरटे करतो आणि सकाळी विष्ठा मागे टाकून निघून जातो. गणना करणारी माणसे माग काढत डोंगर पालथा घालतात, घरट्याघरट्यातील विष्ठेचे नमुने घेतात, आणि हे तेच जनावर की दुसरे, हे प्रयोगशाळेत डीएनएवरून ठरते. त्याआधी नुसती घरटी मोजत असत. युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात २००६ च्या गणनेच्या वेळी डीएनए तपासल्यावर असे दिसले की काही गोरिला एकाहून अधिक घरटी करत होते आणि त्यामुळे मोजणी फुगत होती. संशोधकांनी कमी भरलेला आकडाच जाहीर केला. वाढलेली संख्या सगळ्यांना हवी होती, सरकारांना, पर्यटन व्यवसायाला आणि देणगीदारांनाही; पण घरटे पाहिले म्हणजे गोरिला पाहिला असे होत नाही, हे त्यांनी मान्य केले. आज त्या १,०६३ वर विश्वास ठेवता येतो तो या प्रामाणिकपणामुळे. आणि तू निम्म्यावर थांबलेली एक सवय सांगायला लाजतेस!

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. निगा वेगळी आणि संवर्धन वेगळे, ही विभागणी कोणी केली मला ठाऊक नाही, पण ज्यांनी केली त्यांनी कधी नोंदवही भरली नसावी. विरुंगात १९६७ ते २००८ या काळातील गोरिलांच्या संख्येचा अभ्यास झाला. माणसांची सवय झालेले, रोज पहारा असलेले, फासात अडकले किंवा आजारी पडले तर पशुवैद्यांचे उपचार मिळणारे कळप वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढले, आणि तशी नजर नसलेले कळप हळूहळू घटत गेले. उपचार करणाऱ्या पशुवैद्यांचे काम तिथे १९८६ साली सुरू झाले. त्या डोंगरांत गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, परंतु ते पाहायला त्या राहिल्या नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांचा खून झाला. रोज तेच कळप, तीच तोंडे, कोण खोकतो, कोण मागे राहतो, कोणाच्या मनगटाला तार रुतली आहे, हे पाहणाऱ्या माणसांनी त्या डोंगरावरचे गोरिला वाचवले. तू सकाळी आठ वाजता जाळीपाशी उभी राहून याहून वेगळे काय करतेस?

याची दुसरी बाजू फार वाईट आहे, तीही ऐक. काँगो प्रजासत्ताकातील लॉसी येथे संशोधकांनी १४३ गोरिला एकेक करून ओळखून ठेवले होते. ऑक्टोबर २००२ ते जानेवारी २००३ या चार महिन्यांत इबोलाने त्यांपैकी १३० नाहीसे केले. घनदाट रानात गोरिलाचे प्रेत फार काळ टिकत नाही. ते १४३ जण कोणी ओळखत नसते, तर काही सांगाडे सापडले असते, वास आला असता, आणि यंदा गोरिला कमी दिसतात एवढेच लोकांनी म्हटले असते. नुकसान किती झाले हे जगाला कळले, कारण कोणीतरी त्याआधी, काहीही घडत नसताना, कंटाळवाणी वाटणारी रोजची यादी भरत होते. २०२१ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधील गोरिलांना कोविड झाल्याचे उघडकीस आले, तेव्हाही सुरुवात कोणत्याही यंत्रापासून झाली नाही. काही गोरिला खोकताना दिसले आणि पुढची चक्रे फिरली.

म्हणून सांगतो, जे पाहिले ते सगळे लिही. माझ्या कामाच्या काळात 'सर्व ठीक' असे दोन शब्द लिहिलेली नोंदवह्यांची पाने मी इतकी पाहिली आहेत की आता ते शब्द दिसले तरी मला संताप येतो. एका ठिकाणी, ठिकाणाचे नाव घेत नाही, एक धिप्पाड नर पहाटे मृतावस्थेत सापडला. त्याआधीच्या कित्येक आठवड्यांच्या वहीत तो 'शांत' होता. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूंमध्ये तंतूमय ऊती पसरलेली दिसली. प्राणिसंग्रहालयांतील प्रौढ नर गोरिला सर्वाधिक ज्या विकाराने दगावतात तो हाच. तो शांत नव्हता, थकलेला होता. बाहेरच्या आवारात जायला त्याला रोज थोडा अधिक वेळ लागत असणार, आणि तो वेळ कोणी घड्याळ लावून मोजलेला नव्हता.

या विकारावर आता बरेच काम झाले आहे. मानवसदृश वानरांच्या हृदयविकाराची माहिती गोळा करणारा प्रकल्प २०१० साली अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातून सुरू झाला. गोरिलाला भूल देणे हृदय कमजोर असताना जोखमीचे, म्हणून किपरांनी त्यांना जाळीला छाती लावून स्थिर राहायला शिकवले आणि जागेपणी टू-डी इको काढता येऊ लागले. हे शिकवण्याची रीत एकाकडून दुसऱ्याकडे गेली ती बहुतांशी अशाच मेळाव्यांतून. कोणीतरी उभे राहिले आणि म्हणाले की आमचा नर पहिले कित्येक दिवस त्या यंत्राचा दांडा पाहून पळत होता, मग आम्ही अमुक केले, ते फसले, मग तमुक केले. भाषण म्हणून ती फार सुंदर नव्हती. पण ती ऐकून लोक परत गेले आणि सोमवारी कामाला लागले.

तुझ्या अडचणीचे मूळ मला वाटते अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयाच्या उदाहरणात आहे. तिथल्या बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांची तयार खुराकाची बिस्किटे बंद करून त्यांना पालेभाज्या, फांद्या, झाडपाला असा भरपूर चोथ्याचा आहार दिला गेला. उष्मांक पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट खाऊनही वर्षभरात प्रत्येकाचे वजन सुमारे ३० किलोने उतरले, खाण्यात जाणारा वेळ वाढला आणि ती उलटून खाण्याची सवयही सुटली. तुझ्या नराची ती सुटली नाही, म्हणून आपलेच काही चुकले असे तू धरून चालली आहेस. असे धरून चालण्याचा अधिकार तुला अजून मिळालेला नाही. त्याचे वय काय, तो आईजवळ वाढला की माणसांच्या हाती, झाडपाला दिवसातून किती वेळा आणि किती अंतराने पडतो, उलटणे सकाळच्या खाण्यानंतर अधिक आहे की दुपारच्या, हिवाळ्यात कोंडून असताना ते वाढते का? रानातील गोरिलांमध्ये हे वर्तन आढळलेले नाही, तेव्हा ते आपण त्यांना देऊ केलेल्या जगण्यातून आलेले आहे, एवढे धरून तू पुढे जाऊ शकतेस. दोन नरांवर यशस्वी झालेला उपाय तिसऱ्यावर निम्माच लागू पडला, ही त्या सभेसाठी विरुंगाच्या सगळ्या धुक्याहून मोलाची बातमी आहे. ज्यांच्याकडे असाच अडलेला नर आहे आणि जे तुझ्यासारखेच गप्प बसले आहेत, असे लोक त्या सभागृहात नक्की असतील.

तू मला विचारलेस की हे सोडून रवांडात किंवा काँगोत स्वयंसेवक म्हणून जाऊ का. जायचे असेल तर जा, पण तिथे काही खरे घडते आणि इथे नाही, एवढ्या कारणासाठी जाऊ नकोस. मलाही एकदा तिकडच्या एका प्रकल्पात जागा मिळत होती. त्या वेळी आमचा एक वृद्ध नर नुकता जाळीपाशी छाती टेकवू लागला होता आणि तो इतर कोणाच्या हाती ते करत नव्हता. मी राहिलो. माझ्याबरोबरचे गेले, आज ते बोलतात तेव्हा सभागृह स्तब्ध होते, आणि माझी ओळख अजूनही 'पिंजऱ्यापाशी राहिलेला माणूस' अशी करून दिली जाते. याची खंत आहे, ती मी लपवत नाही. रानातला गोरिला सकाळच्या पहिल्या उन्हात कसा उठतो, हे मी पाहिलेले नाही, आणि म्हणून त्यावर कधी बोललोही नाही. परंतु त्या वृद्ध नराच्या हृदयाची चित्रे वेळेवर मिळत गेली, औषधाचे प्रमाण त्यावरून ठरत गेले, आणि तो त्याच्या कुटुंबात राहून म्हातारा झाला. हे मी समर्थन म्हणून लिहितो आहे असे तुला वाटेल. असेलही. इतकी वर्षे सभांमध्ये मागच्या रांगेतून "किती तास पाहिले?" हा एकच प्रश्न विचारल्यामुळे माझ्या वाट्याला जो लौकिक आला, त्यात दोन-तीन चांगली पदे हातची गेली. आजही कोणी पडद्यावर सुंदर आलेख दाखवला की माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो आणि पुढेही निघेल.

आपल्याकडच्या लोकांना गोरिला म्हटले की म्हैसूर आठवते. डब्लिनहून १९९५ मध्ये आलेला पोलो २०१४ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला, बराच काळ भारतातला एकमेव गोरिला म्हणून, सोबतीशिवाय. त्याला जोडीदारीण मिळावी म्हणून खटपटी झाल्या, त्याच्या एकटेपणावर वर्तमानपत्रांतून हळहळून लिहिले गेले. मला मात्र नेहमी असे वाटत आले की तो एकटा नर दिवसाचे तास कसे घालवत होता, याची ऋतुमानाप्रमाणे केलेली नोंद कोणी लोकांपुढे ठेवली असती, तर ती हळहळीपेक्षा अधिक कामाची ठरली असती. २०२१ मध्ये तिथे पुन्हा दोन नर आले आहेत. त्यांची निगा राखणाऱ्यांपैकी कोणी या परिषदेला आले तर त्यांना शोधून काढ आणि त्यांच्या शेजारी बस. पावसाळ्यात, उकाड्यात, आपल्याकडच्या झाडपाल्यावर गोरिला कसा राहतो, हे जगात त्यांच्याइतके कोणी पाहिलेले नाही.

आता कामाचे. धुके, सूर्य आणि १,०६३ काढून टाक. पहिल्याच पानावर त्या नराचे वय, त्याच्या वाढीचा इतिहास आणि जुना व नवा खुराक किलोमध्ये लिही. त्यानंतर तू आणि तुझ्या सहकाऱ्यांनी एकूण किती तास निरीक्षण केले आणि दिवसाच्या कोणत्या वेळी केले ते लिही. सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी नसतील तर तसे स्पष्ट म्हण. वजनाचा आलेख आणि उलटण्याचा आलेख एकाच पानावर ठेव, म्हणजे एक उतरत असताना दुसरा कुठे अडला ते दिसेल. निष्कर्षाचे पान रिकामे राहिले तरी चालेल, त्या जागी तुला न सुटलेले दोन प्रश्न लिही आणि सभेला विचार. वीसपैकी बारा मिनिटेच बोल, उरलेली त्यांना दे. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, आणि निरीक्षणाच्या तासांचा तक्ता विसरू नकोस. मी आधी तोच उघडून पाहणार आहे.

कळावे.

तुझा,
सर