वाचक विचारतात : पाहुण्यांची पथ्यं आणि गणपतीचा नैवेद्य

प्रश्न : गणपतीला भाचा येणार आहे. त्याला दुधाची आणि काजूची ॲलर्जी आहे. तूप कढवलेलं असतं, मग मोदकांना चालेल ना?

उत्तर : नाही, तूप वापरू नका. कढवून पाणी उडतं आणि बेरी गाळली जाते, पण दुधाच्या प्रथिनांचा अंश तुपात राहू शकतो. दूध उकळूनही ही ॲलर्जी टळत नाही, आणि शेळीचं दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. दूध न पचणं वेगळं, ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत थेंबसुद्धा महागात पडू शकतो.

सुदैवाने उकडीच्या मोदकात तूप वगळलं तर दुधाचं काहीच नसतं. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर खोबरेल (खायचं) घ्या. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळा, मंद आचेवर दोन मिनिटं वाफ काढा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. पारीला चिरा पडत असतील तर उकड कोरडी आहे किंवा मळणं कमी पडलंय. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी गूळ, वेलची, जायफळ. सारण जास्त आटवलं तर गार झाल्यावर कडक होतं, ओलं राहिलं तर मोदक फुटतो. दहा-बारा मिनिटं वाफवा. वाढतानाही वरून तूप नको. काजूच्या ॲलर्जीत नारळ बहुतेकांना चालतो, तरी त्याच्या आईला आधी विचारा.

प्रश्न : जाऊबाईंना सिलिअ‍ॅक आहे, गहू अजिबात चालत नाही. मोदक तांदळाचेच, मग काळजी कशाची?

उत्तर : गिरणीची. जात्यावर आधी गहू दळला असेल तर तो पिठीत उतरतो. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच मिक्सरमध्ये दळा. कणकेची चाळणी नको, नवी घ्या. विकतची पिठी आणायची तर पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) लिहिलेलं पाहा. आपल्याकडे अशा पिठीत ग्लुटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. पोळ्यांचं लाकडी पोळपाट-लाटणं उकडीजवळ आणू नका, फटींत कणीक राहते. त्यांचे मोदक आधी करा, पुरणपोळी नंतर.

प्रश्न : नारळाच्या दुधाची तांदळाची खीर दर वेळी फुटते. काय चुकतं?

उत्तर : घट्ट दूध उकळलं जातं. एका नारळाचं पहिलं दूध अर्धी वाटी कोमट पाण्यात काढून बाजूला ठेवा, त्याच चवातून एक-एक वाटी पाणी घालून दुसरं आणि तिसरं काढा. पाव वाटी तांदूळ या पातळ दुधात शिजवा. गॅस बंद करून गूळ विरघळवा, पाच मिनिटांनी पहिलं दूध घाला आणि नुसतं गरम करा, उकळी येऊ देऊ नका.

दुधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी नारळाच्या दुधाची पावडर आणत असाल तर घटक वाचा. तिच्यात बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं आणि ते गाईच्या दुधाचंच प्रथिन आहे.