कोरेगावच्या दादांना, न्यू जर्सीतल्या शाळांबद्दल

तुम्ही विचारलंय की एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीला येतोय, मुलगी तिसरीत, मुलगा नववीत. तिथल्या शाळेत रंगावरून भेद करतात का? आणि ‘कोर्टानं काळ्यांचा कोटा बंद केला’ म्हणजे आपल्या पोरांचं कॉलेजचं काम झालं का? मी रहिमतपूरची. इथे येऊन चौदा वर्षं झाली, दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेतच घातली.

भेद होतो. पण दर वेळी तो आपल्या विरुद्धच होतो असं नाही. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मुलगा सहावीत असताना पुढच्या वर्षीच्या वरच्या गणिताच्या वर्गासाठी बाईंनी त्याचं नाव सुचवलं. मी खूश. खरं सांगायचं तर गणितात तो काठावरच होता. त्याचा जिगरी दोस्त, शेजारच्या बिल्डिंगमधला काळा मुलगा, चाचणीत त्याच्या सात गुण पुढे, आणि त्याचं नाव यादीत नाही. कुणी शिवी दिली नाही की वाकडं बोललं नाही. भारतीय पोरगं म्हणजे गणित आणि हा म्हणजे बास्केटबॉल, एवढंच बाईंच्या डोक्यात. त्याच्या आईनं आरडाओरडा केला नाही. शाळेला चार ओळींचा ईमेल टाकला: निवडीचे निकष लेखी द्या, माझ्या मुलाचे गुण त्यात कुठे बसतात ते दाखवा, उत्तर कोणत्या तारखेला मिळेल तेही कळवा. दहा दिवसांत त्याचं नाव यादीत. आमचा मात्र दिवाळीपर्यंत रोज रडत गृहपाठ करायचा.

तोच ईमेल मी मागून घेतला आणि त्याच वर्षी धाकटीसाठी वापरला. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असा फॉर्म असतो. ‘मराठी’ लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते, आणि त्यात कमी पडलं तर इंग्रजीची वेगळी शिकवणी देतात. तरी मराठीच लिहा, ही मदत हक्काची आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात 1974 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल झाला, तेव्हापासून इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून शाळेला हात झटकता येत नाहीत. पण धाकटी दादाची पुस्तकं घडाघडा वाचायची, आणि तिला गोष्टीच्या तासाला बाहेर नेऊन सफरचंदाचं चित्र दाखवून ‘ॲपल’ म्हणायला लावायचे. चाचणीचे गुण लेखी मागितले आणि ते थांबलं. पालकाला ही शिकवणी नाकारताही येते.

आता घराचं. कुठल्या शाळेत नाव लागणार हे पत्त्यावर ठरतं. वेबसाइटवर शाळेला दहापैकी नऊ, दहापैकी चार असे गुण दिसतील, आणि आपलीच माणसं सांगतील, ‘त्या बाजूला नको, क्राउड बरा नाही.’ क्राउड म्हणजे काय हे साताऱ्याकडच्या माणसाला फोडून सांगायला नको. मी रयतच्या शाळेत शिकले. कर्मवीर अण्णांनी सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात ठेवली, एका पंगतीला बसवली, हे दर 22 सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, ऐकलंय, एकदा भाषणही ठोकलंय. आणि इथे घर बघताना पहिला प्रश्न मीच एजंटला विचारला, ‘इथे इंडियन किती?’ तो म्हणाला, कायद्यानं मला ते सांगता येत नाही. लाजच वाटली.

घर विकताना किंवा भाड्यानं देताना वंशावरून भेद करायला बंदी करणारा तो कायदा 1968 चा. त्याआधी, 1930 च्या दशकातल्या सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवलेल्या असायच्या, म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. घर स्वस्त राहिलं की शाळाही गरीब राहते, कारण शाळेचा बराच पैसा त्या गावच्या घरपट्टीतून येतो. त्यामुळे त्या दहापैकी गुणांत शिकवणं किती आणि घरांच्या किमती किती, हे तुम्हीच ताडा. त्यापेक्षा केंद्राच्या शिक्षण खात्याची नागरी हक्कांची आकडेवारी उघडा. कोणत्या वंशाची किती मुलं वरच्या वर्गांत, किती निलंबित, हे त्यात शाळावार असतं.

कोट्याचं म्हणाल, तर तो कोर्टानं 1978 सालीच मोडीत काढला होता. त्यानंतर प्रवेशात वंश ही अनेक बाबींतली एक बाब धरता यायची. तेही जून 2023 मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात बंद झालं. आशियाई मुलांवर अन्याय होतो, हाच मुद्दा हार्वर्डविरुद्ध पुढे केला होता. पण माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला त्या निकालानं हात लावला नाही, आणि आपल्यापैकी कुणाचा बाप हार्वर्डला होता? तेव्हा पेढे वाटू नका. आरक्षणावरचे आपले गावाकडचे टोमणे इथे मुळीच आणू नका. काळ्यांनी रस्त्यावर उतरून 1964 चा नागरी हक्क कायदा मिळवला. पुढच्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना दार उघडलं.

मुलगा नववीत आहे, तर दहावीचं बोर्ड होऊ दे मग आणतो, असं करू नका. इथे नववीपासूनची चारही वर्षं कॉलेजच्या अर्जात धरतात.

शाळा पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद मागेल. वहिनींना सांगा, लसींच्या तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी घ्या. आमच्या कार्डावरची शाई पुसट झाली होती, आणि पोराला इथे तीन इंजेक्शनं परत टोचून घ्यावी लागली.