मुंबईची फर्म शोधण्याआधी अंबडच्या कारखान्यांत जाऊन या

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या वकिलाच्या ऑफिसात पाच वर्षं करार तुम्हीच लिहिता, पण क्लायंटचा फोन आला की तो फक्त "सर आहेत का?" विचारतो, आणि आता मुंबईची फर्म गाठावी की कंपनीत इन-हाउस, म्हणजे तिची पगारी वकील म्हणून जावं, हे ठरत नाहीये. वाचून पोटात जुना गोळा आला. कुठला कोर्स, सीव्ही कसा, यावर बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी एकाच गोष्टीवर लिहिते. मी कंपन्यांचं आणि करारांचं काम करते, कोर्टात रोज उभी राहत नाही, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका ऑफिसने. नाव सांगत नाही, नाशिक लहान आहे. ड्राफ्ट माझे, मेल सरांच्या आयडीवरून. भागीदार बाहेर पडला तर शेअरची किंमत कोणी आणि कशी ठरवायची, ते कलम मी रात्री बसून बांधायचं आणि क्लायंटच्या प्लँटवर समजवायला जायचा माझ्यानंतर लागलेला मुलगा. का, तर "मॅडम, तिथे मीटिंगा उशिरापर्यंत चालतात, तुम्हाला कशाला त्रास." काळजीच्या सुरात बोललेल्या वाक्याशी भांडता येत नाही, हा त्यातला खरा वैताग. वर पगारवाढीच्या वेळी शेरा: ड्राफ्टिंग उत्तम, क्लायंट हाताळण्याचा अनुभव कमी! अनुभव मिळू द्यायचा नाही आणि कमी आहे म्हणून नोंदवायचा.

सोडताना त्यांनी एक कागद पुढे केला, ऑफिसच्या कुठल्याही क्लायंटचं काम दोन वर्षं घ्यायचं नाही म्हणून. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही, हे आपण दुसऱ्यांना सांगतोच. (गोपनीयता वेगळी. फायली, ड्राफ्टच्या प्रती बरोबर नेऊ नका. आणि कोर्टात आधीच्या वकिलाचं वकीलपत्र असेल तर त्याची संमती लागते.) पण त्या कागदाची त्यांना गरजच नव्हती. ज्यांच्या करारांवर मी वर्षानुवर्षं बसले, त्यांच्यातल्या एकाने नंतर भेटल्यावर विचारलं, "अच्छा, तुम्ही पण तिथेच होतात का?"

म्हणून माझं मत: मुंबई आत्ता नको. तिथे याहून मोठ्या ऑफिसात पुन्हा क्लायंटच्या मेलमधल्या सीसीच्या बाहेरच बसाल. आधी प्लँटवर जा. सरांना "जाऊ का?" विचारू नका, "मंगळवारी अकराला मी जातेय, तुम्ही येताय का?" असं विचारा. वेळ आपण ठरवली की उशिराचं कारण उरत नाही.

तिथे गेल्याने काय होतं? सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतले बरेचसे छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांचे व्हेंडर. बिल थकतं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी पेमेंटला कमाल 45 दिवस, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे मालकालाही माहीत असतं. तो नोटीस पाठवत नाही, कारण सगळ्या ऑर्डरी त्याच गिऱ्हाइकाच्या. ऑफिसात बसलेला वकील कडक नोटीस लिहून देतो आणि ती ड्रॉवरमध्ये पडते. शॉप फ्लोअर पाहिलेली वकील आधी विचारते, "तुमच्या मालातला किती यांना जातो?" आणि पुढच्या पर्चेस ऑर्डरच्या अटींपासून सुरुवात करते. तो मालक पुढच्या वेळी फोन तुम्हालाच लावतो.

दुसरी गोष्ट, घरच्या प्रायव्हेट लिमिटेडमधल्या डायरेक्टर बायका. आई, बायको, सून. स्टिकर लावलाय तिथे सही. कंपनीचा चेक बाउन्स झाला तर कायद्याने जबाबदार तोच डायरेक्टर, जो कारभार पाहत होता. पण तक्रारीत नावं सगळ्यांची पडतात आणि समन्स घरी येतं. बँकेच्या वैयक्तिक हमीत तर जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला. त्यांच्याशी स्वतंत्र बसून हे समजावून सांगा. नवरे आधी कुरकुरतात. हे बाईनेच करावं असं नाही, पण पुरुष वकिलांनी केलेलं मी पाहिलं नाही. मला सर्वांत आधी थेट फोन आले ते याच बायकांचे. आपल्या नाशिकात 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पडद्यातल्या जमीनदार बायकांना मालमत्तेचा सल्ला द्यायच्या, तेही स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा 1923 मध्ये येण्याच्या कितीतरी आधी. कामाची गरज जुनीच आहे.

कंपनीच्या पॉश समितीवर (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) बाहेरची सदस्य म्हणून बोलावलं तर जरूर जा, एचआरशी ओळख होते. फक्त "पॉशवाल्या मॅडम" एवढीच ओळख होऊ देऊ नका, करारांचं काम हातातून सोडू नका. आणि जिथे समितीवर आहात त्या कंपनीला त्याच तक्रारीत सल्ला देऊ नका. जाहिरात आपल्याला करता येत नाही, त्यामुळे नाशिकात क्लायंट येतो तो सीएकडून. दोन-तीन चांगले सीए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) जोडून ठेवा.

इन-हाउस वाईट नाही. पण पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवून तसं कळवावं लागतं. "एकदोन केसेस बाजूला चालू ठेवते" हे चालत नाही, आणि एचआर हे सांगत नाही. एनसीएलटीच्या, म्हणजे कंपन्यांच्या वादांच्या न्यायाधिकरणाच्या कामासाठी मुंबईत राहायलाच हवं असंही नाही. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

घराचे हप्ते किंवा लहान मूल असेल तर गणित वेगळं होईल. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीये, म्हणून मी ते धरलेलं नाही.