सुपरहिरो कॉमिक्समध्ये हल्ली मुद्दाम काळे, मुस्लिम, आशियाई हिरो घुसवतात का? आणि १३ वर्षांच्या भाच्याला कुठून सुरुवात करून द्यावी?

"हल्ली" वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. अहो, ब्लॅक पँथर हा काळा हिरो १९६६ चा आहे, तेव्हा माझ्या आईचं लग्नही झालं नव्हतं. फाल्कन १९६९, ल्यूक केज १९७२, स्टॉर्म १९७५, सगळे काळे. हल्ली फक्त सिनेमे आले आणि तुम्हाला दिसायला लागले, एवढंच.

पण मला जास्त लागलं ते "घुसवतात". कारण मी दोन वर्षं पैसे घेऊन नेमकं उलटं काम केलंय, काळ्या हिरोईनला गोरं करायचं. मुद्दाम नाही केलं, पण केलं.

२००९ ची गोष्ट. पुण्यात एका स्टुडिओत मी फ्लॅटर होते (नाव घेत नाही, बंद पडलाय तो). म्हणजे अमेरिकेतून नुसत्या काळ्या रेघांची पानं यायची, त्यात केस वेगळे, कातडी वेगळी, शर्ट वेगळा, भिंत वेगळी असे सपाट रंग भरून द्यायचे, मग कलरिस्ट त्यावर उजेड-सावली चढवणार. पानाला दीडशे रुपये. डोळ्यांची वाट लागते पण तेव्हा भारी वाटायचं, कॉमिक्सचं काम करते म्हणून सांगायला.

आमच्या स्वॉच फाइलीत (तयार रंगांची यादी) एका रंगाचं नाव नुसतं "स्किन" होतं. बाकीचे "स्किन डार्क १", "स्किन डार्क २" आणि एक "स्किन विलन". हो, विलन. कुणी ठेवलं होतं देव जाणे, पण मीही दोन वर्षं त्यावर क्लिक करत होते आणि मला काही खटकलं नाही, आणि मी स्वतः कोण, तर "सावळी आहे पण नाकीडोळी नीटस" या वाक्यावर तीन स्थळांकडून परत आलेली.

तर एका छोट्या प्रकाशकाची मालिका होती, हिरोईन काळी, कॉलेजात शिकणारी, आणि हिची सगळी कामं रात्री. पहिल्या अंकाचं पान १४. गच्ची, पाण्याची टाकी, ही टाकीच्या आडोशाला उकिडवी बसलीय. मी शीटवर दिलेला रंग भरला. आमचे लीड, सर म्हणायचो आम्ही त्यांना, मागे येऊन उभे राहिले, म्हणाले चेहरा दिसत नाहीये, दोन शेड वर घे. घेतल्या. आता पान १५ ला मॅच व्हायला पाहिजे म्हणून मी आयड्रॉपरने पान १४ वरूनच रंग उचलला, दुसऱ्या अंकाला माझ्या शेजारच्या मुलाने माझ्या पानावरून उचलला, आणि तिथेही एक रात्रीचा सीन होता, परत एक शेड वर. तिसऱ्या अंकापर्यंत पोरगी चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची झाली, आणि शेवटच्या पानांत न बुडवलेल्या.

मग चित्रकाराची मेल आली. तो स्वतः काळा. दोनच ओळी होत्या: ही तिची बहीण आहे का, आणि मी पाठवलेले फोटो कुणी पाहिले का? फोटो सरांच्या मेलमध्ये पडून होते, झिप फाइल उघडलेलीच नव्हती. त्या दिवशी उघडली. त्याच्या भाचीचे ११ फोटो, मुद्दाम संध्याकाळी आणि रात्री काढलेले, एकात जिन्यातला बल्ब, एकात फक्त समोरच्या बोर्डाचा निळा उजेड गालाच्या कडेवर. इतकी गडद कातडी आणि चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. सरांनी उत्तर काय पाठवलं तर "ज्युनियर फ्लॅटरची चूक". माझी २२ पानं कापली, ३३०० रुपये, त्या महिन्याचं कॉटबेसिसचं भाडं त्यातच जाणार होतं. त्यावरून वाजलं आमचं. सरांचं म्हणणं, आर्टला रंग नसतो, तू उगाच जातपात आणतेस. मी म्हटलं सर, आपण रंगच विकतो.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हे असं आमच्याच स्टुडिओत झालेलं नाही. १९६३ साली मार्व्हल या बड्या अमेरिकन कंपनीच्या सार्जंट फ्युरी या युद्धाच्या मालिकेच्या पहिल्या अंकात गेब जोन्स नावाचा काळा सैनिक होता आणि छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्यांना वाटलं चूक झालीय, त्यांनी त्याला गोरा छापला! तेव्हा निळा, लाल, पिवळा यांच्या ठरावीक टक्क्यांतून ६४ रंग निघायचे आणि काळी माणसं कधी राखाडी तर कधी चिखलाच्या रंगाची छापली जायची. पण मार्व्हलचाच १९८२ चा हिरो सनस्पॉट घ्या, बाप काळा ब्राझिलियन, तो तर नंतर कॉम्प्युटरवर लाखो रंग हाताशी असताना उजळत गेला. तेव्हा मशीनला दोष देऊ नका.

आणि मुद्दाम म्हणाल तर काळ्यांना मुद्दाम वगळायचा प्रयत्नही झालाय. १९५३ ची एक कॉमिक्समधली गोष्ट आहे, अंतराळवीर एका ग्रहावर जातो, तिथले केशरी यंत्रमानव निळ्यांना खालच्या दर्जाचं वागवतात, तो म्हणतो तुम्हाला आमच्या संघात अजून जागा नाही, आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो तर तो काळा, चेहऱ्यावर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकतायत. १९५६ ला ती पुन्हा छापायची वेळ आली तर कॉमिक्सवर नजर ठेवणाऱ्या कोड ऑफिसने सांगितलं, हा माणूस काळा चालणार नाही. बिल गेन्स प्रकाशक होता, त्याने ऐकलं नाही, तशीच छापली. आता सांगा घुसवणारे कोण.

मार्केटिंग आहे का? आहेच की. धंदा आहे तो. पण टेबलाच्या कुठल्या बाजूला कोण बसलंय याने फरक पडतो. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकल डेव्हिस, डेरेक डिंगल या चार काळ्या माणसांनी माइलस्टोन नावाची कॉमिक्स कंपनी काढली, छपाई आणि वितरण डीसी या दुसऱ्या बड्या कंपनीचं पण पात्रं यांच्या मालकीची. स्टॅटिक हा हिरो त्यातलाच. त्यांनी रंगाची पद्धतसुद्धा वेगळी ठेवली होती, कातडीच्या जास्त छटा मिळाव्यात म्हणून. मला हे २००९ ला माहीत असतं तर सरांच्या तोंडावर मारलं असतं. आणि याच्या उलट टोक म्हणजे अकिरा योशिदा. जपानी लेखक म्हणून मार्व्हलमध्ये लिहीत होता, २०१७ मध्ये कबुली आली की तो सी. बी. सेबुल्स्की, मार्व्हलचाच तेव्हाचा गोरा अमेरिकन संपादक, आणि कबुली दिली तेव्हा साहेब एडिटर-इन-चीफ झालेले.

आता कुणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच, म्हणून मीच सांगते. माइल्स मोरालेस, काळा स्पायडरमॅन, २०११ ला आला तो गोऱ्या बेंडिसने लिहिलेला आणि इटलीच्या सारा पिकेलीने काढलेला, आणि उत्तम आहे. आपल्या माणसांनी केलं की आपोआप चांगलं होतं असंही नाही. २००४ चा इंडियन स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, आपल्याच लोकांनी बनवला, मुंबईचा पोरगा, आणि त्याला नेसवलं काय तर धोतर! धोतर नेसून सकाळी ८ ची डोंबिवली फास्ट पकडून दाखव म्हणावं, भिंतीवर चढायचं नंतर बघू. २०२३ च्या स्पायडरमॅनच्या सिनेमात जरा बरा दिसतो.

भाच्याचं राहिलंच. कमला खान (मिस मार्व्हल) द्या, मालिका २०१४ पासूनची, जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, घरचे तिला मुलांबरोबर पार्टीला जाऊ देत नाहीत, त्याला लगेच कळेल. संपादक सना अमानत स्वतः न्यू जर्सीची पाकिस्तानी घरातली. माइल्स द्या. जीन लुएन यांगचं सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन (क्लॅन म्हणजे अमेरिकेतली गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना) पण द्या, १९४६ मधलं चिनी कुटुंब आहे त्यात आणि १३ वर्षांच्या मुलाला अगदी योग्य. आणि त्याला सांगा पहिल्या पानावरची बारीक अक्षरातली नावं वाचत जा, कलरिस्ट कोण, एडिटर कोण. फ्लॅटरचं नाव सापडलं तर मला कळवा, मला फारसं कधी सापडलेलं नाही.

आणि सर, तुम्ही या साईटवर आहात, मागे "क्रिएटिव्ह टीम कशी सांभाळावी" वर तुमचं लांबलचक उत्तर वाचलंय. रात्रीच्या सीनला कातडी दोन शेड वर घ्यायची नसते. मागची टाकी उजळ करायची आणि गालाच्या कडेला निळसर उजेडाची रेघ द्यायची, फोटोत होती तशी. पान १४ ची फाइल माझ्याकडे अजून आहे, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बसून नीट केली. वीस मिनिटं लागली. पाठवू का?