बंदूक जाहिरातीइतकी जोरदार निघाली नाही, हे तुमचं नशीब

प्रश्न: वकीलसाहेब, मी कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी. दिवाळीत दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याच्या वेबसाइटवरून एअर रायफल मागवली. जाहिरातीत ‘पॉइंट १७७, १००० एफपीएस, रानडुकरालाही भारी’ असं होतं (एफपीएस म्हणजे छर्र्याचा वेग, सेकंदाला फुटांत). रायफल १८,५०० रुपये, वरची ३-९ x ४० दुर्बीण ४,२०० आणि छर्रे ६०० रुपये. पैसे मोबाइलवरून एका खासगी नावाच्या खात्यावर पाठवले. बिल कच्चं आलं, त्यावर ‘स्पोर्ट्स गुड्स’ एवढंच. मुलगी अकरावीला आहे, तिला नेमबाजी शिकायची आहे. आणि उसात डुकरं येतात, तिथंही उपयोग होईल असा हिशोब होता. दीडेकशे छर्रे मारल्यावर दुर्बिणीतली फुली तिरकी झाली, नेम एका जागी बसेना. एका कोचकडे यंत्रावर वेग मोजला तर ६४० एफपीएस भरला. विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘डुकरावर दोन मारले, त्यानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.’ तो म्हणतो, दुर्बीण तुम्ही बसवली, रायफल रिकामी उडवली असणार, वॉरंटी संपली, माल परत नाही. इथला एक मेकॅनिक म्हणतो, जाड स्प्रिंग टाकतो, नाहीतर नळी बदलून पॉइंट टूटूची करून देतो. मला जाहिरातीप्रमाणे १००० एफपीएसची रायफल बदलून हवी आहे. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर: जा. पण पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य खोडून जा. ‘१००० एफपीएसची बदलून द्या’ ही मागणी चुकूनही लिहू नका. पैसे परत मागा.

कारण सांगतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअर रायफलला परवाना लागतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पॉइंट १७७ इंचापेक्षा जास्त असेल, किंवा नळीतून बाहेर पडणाऱ्या छर्र्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना हवाच. दोन्हींपैकी एक गोष्ट ओलांडली तरी पुरे. आता तुमचाच छर्रा घ्या. डब्यावर त्याचं वजन छापलेलं असतं. पॉइंट १७७ चा नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. तो १००० फूट, म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर वेगानं सुटला, तर ऊर्जा होते साडेचोवीस जूलच्या आसपास. मुलीला विचारा, अकरावीच्या पुस्तकात सूत्र आहे: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. २० जूलची रेघ या छर्र्याला सुमारे ९०० फुटांवर लागते. तुमची रायफल ६४० फुटांवर आहे, म्हणजे दहा जूल. बिनपरवाना घरात ठेवायला एकदम सुरक्षित.

म्हणजे विक्रेत्यानं जाहिरातीतला शब्द पाळला असता, तर तुम्ही आज बिनपरवाना बंदूक बाळगणारे ठरला असता. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून परवाना लागणारं अग्निशस्त्र परवान्याशिवाय जवळ ठेवलं तर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. एअर रायफलमध्ये दारू नसते म्हणून ती ‘अग्निशस्त्र’ नाही, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. कायद्याच्या व्याख्येत स्फोटकाबरोबर ‘अन्य प्रकारची ऊर्जा’ हेही शब्द आहेत. (काही विक्रेते हजारचा आकडा अगदी हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यावर काढतात आणि छर्र्याचं वजन छापत नाहीत. मग आकडा खराही असतो आणि फसवाही.)

आयोगापुढे तुम्ही स्वतःच म्हणालात की मला २४ जूलची रायफल हवी होती, तर समोरचा वकील दुसरं काही बोलणारच नाही. बेकायदा वस्तू मिळवून द्या म्हणून कुठलंच न्यायासन मदत करत नाही. याउलट, ‘जाहिरात दिशाभूल करणारी होती, माल वर्णनाप्रमाणे नाही, दुर्बीण सदोष आहे, सबब पूर्ण रक्कम परत करावी’ ही मागणी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये नीट बसते.

तुमच्या प्रकरणात सगळ्यात बळकट बाजू वेगाची नसून दुर्बिणीची आहे. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दोन बाजूंनी बसतो. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की पुढे हिसका बसतो. काडतुसाच्या रायफलसाठी केलेल्या बऱ्याच दुर्बिणी मागच्या धक्क्याला टिकतात, या पुढच्या हिसक्याला टिकत नाहीत. आतली भिंगं आणि फुली सरकते. म्हणून एअर रायफलसाठी खास मजबूत केलेल्या दुर्बिणी वेगळ्या विकल्या जातात. विक्रेत्यानं रायफल आणि दुर्बीण एकाच पानावर, एकमेकींना जुळणाऱ्या म्हणून विकल्या होत्या का? तसं असेल तर ‘तुम्ही बसवली’ या बचावाला अर्थ उरत नाही. ती बसवायलाच घेतली होती. त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. तारीख आणि पत्ता दिसेल असे. सहा महिन्यांनी ते पान असेलच असं नाही.

रिकामी उडवल्याचा आरोप मात्र हसण्यावारी नेऊ नका. छर्रा नसताना चाप ओढला तर पिस्टनपुढे हवेची गादी नीट तयार होत नाही, तो धाडकन आदळतो आणि सील किंवा स्प्रिंग जाते. हे खरं आहे आणि विक्रेत्यांचा हा ठरलेला बचाव आहे. तुम्ही तसं केलं नसेल तर प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. छर्र्यांचा अर्धा रिकामा डबा, नेमाचे कागद, खोकं, त्यातलं माहितीपत्रक, सगळं जपून ठेवा. माझ्याकडे आलेल्या अशाच एका पक्षकारानं खोकं बंबात घातलं होतं. रायफलीचा क्रमांक त्या खोक्यावरच्या चिकटपट्टीशिवाय कुठेच नव्हता.

कच्च्या बिलाची काळजी तुम्ही करताय, ती खरं तर विक्रेत्यानं करायला हवी. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे असतात. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा आणि कुरिअरची पावती असली की व्यवहार सिद्ध होतो. तरी एक ईमेल करून पक्कं बिल मागाच: त्यावर रायफलीचा क्रमांक, नळीचा व्यास आणि जूलमधली ऊर्जा लिहून द्या म्हणावं. दिलं तर तुम्हाला नाक्यावर दाखवायला कागद मिळाला, नाही दिलं तर तक्रारीला जोडायला ईमेल मिळाला.

कुठं जायचं? कोल्हापुरातच. ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, आणि तेवीस हजारांसाठी लावूही नका. माझ्या धंद्यातले मित्र रागावतील, पण हिशोब हिशोब आहे. मुदत दोन वर्षांची. आधी वेबसाइटवरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आयोगात तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, असं कायद्यात आहे. तारखा पडतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मानसिक त्रासाचे दोन लाख मागू नका. मूळ रक्कम, व्याज आणि माफक खर्च मागितला की तक्रार गंभीरपणे वाचली जाते.

आता ते व्हॉट्सॲपचं वाक्य. तुमचा तालुका मी वर मुद्दाम गाळलाय, तो याच्यासाठी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ नुसतं मारणं असा नाही. जखमी करणं, पकडणं, हुसकावून कोंडीत आणणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकार. रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. त्यानं मान वर केली नाही हा तुमच्या रायफलीचा दोष असेल, कायद्यापुढे बचाव नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि हत्यार जप्त. हेच छर्रे मोरावर झाडले असते तर अनुसूची एक, म्हणजे कमीत कमी तीन वर्षं. शिवाय तुमचा ऊस अभयारण्याच्या हद्दीला लागून असेल तर आणखी सांभाळा: अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरताच येत नाही. तिथं ‘हत्यार’ या शब्दात जाळी, फासे, चाकूसुद्धा येतात. एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, हे वनरक्षकाला सांगून उपयोग नाही.

तेच संभाषण तुमचा मुख्य पुरावा आहे, कारण ‘माल परत नाही’ हे विक्रेत्याचं उत्तर त्यातच आहे. अर्धं दाखल करून अर्धं लपवता येणार नाही. दुसरी प्रत त्याच्या फोनमध्ये आहे. घाबरून पुसूनही टाकू नका, त्यानं संशय वाढतो आणि त्याची प्रत राहतेच. एका वाक्यावर कुणाला शिक्षा होत नाही, पण चौकशी लागू शकते. म्हणून माझा सल्ला: आधी हेल्पलाइनवर तडजोडीचा मनापासून प्रयत्न करा. तिथं दोन्ही बाजूंचं म्हणणं घेऊन मिटवायला बघतात, अख्खं संभाषण जोडावं लागत नाही. दुर्बिणीचे ४,२०० रुपये परत मिळून रायफल तुमच्याकडे राहत असेल, तरी तुमच्या जागी मी घेऊन मोकळा होईन. नाहीच मिटलं, तर आयोगात पाऊल टाकण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला ते संभाषण पूर्ण दाखवा. समोर बसून. पत्रात नको.

मेकॅनिकला हात लावू देऊ नका. जाड स्प्रिंग टाकली की २० जूलची रेघ कधी ओलांडली ते तुम्हाला कळणार नाही, तपासणीत कळेल. पॉइंट टूटूची नळी म्हणजे साडेपाच मिलिमीटर; ऊर्जा कितीही कमी असली तरी परवाना. आणि तो पुढे म्हणेल, ‘आवाज कमी करायला पुढं नळकांडं लावून देतो.’ आवाज किंवा ठिणगी कमी करणारं साधन शस्त्र कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र आहे. वर, रायफल खोललेली दिसली की ग्राहक तक्रारही तिथंच संपली.

डुकरांचं काय? वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट आहे. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या अनुसूची दोनमधल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा. परवानगी मिळाली तरी ती या रायफलीनं वापरायची नाही. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्यानं डुक्कर मरत नाही, फक्त चवताळतं, आणि उसात त्याच्यासमोर तुम्ही असता. पीक नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. ऊस मोडलेला दिसला की त्याच दिवशी फोटो काढा, अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली कांडी बांधावर ओढू नका. रिकाम्या वावराचा पंचनामा करायला कुणी येत नाही.

राहता राहिली मुलगी. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ज्या जिल्ह्यातून आले तिथं तिला कोच शोधायला लांब जावं लागणार नाही. दहा मीटरच्या स्पर्धेच्या रायफली तुमच्या ६४० फुटांच्याही खालीच असतात, आणि त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. आधी क्लबच्या रायफलीवर सहा महिने काढू दे. तुमच्याकडची ही रायफल, खोक्यासकट, कपाटात कुलूप लावून ठेवा. निकाल लागेपर्यंत तो पुरावा आहे.