टेरोडॅक्टिल, टेरोसॉर की 'उडणारा डायनोसॉर'?

प्रश्न असा आहे: मुलांच्या पुस्तकांत हे तिन्ही शब्द एकाच प्राण्यासाठी दिसतात, मग बरोबर कोणता, आणि याला मराठी शब्द आहे का?

'उडणारा डायनोसॉर' सरळ चूक. टेरोसॉर ही डायनोसॉरची चुलत शाखा. डायनोसॉरच्या वंशातले उडणारे म्हणजे पक्षी.

टेरोसॉर हे अख्ख्या गटाचे नाव आणि टेरोडॅक्टिल त्यातल्या एकाचे. एका छापाचे डालडा हे नाव सगळ्याच वनस्पती तुपाला लागले, तसेच हे झाले. टेरोडॅक्टिलचा जीवाश्म जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत मिळाला. १७८४ साली कोलिनी या इटालियन निसर्ग-अभ्यासकाने त्याचे वर्णन केले, पण त्याला तो समुद्रातला प्राणी वाटला. हा उडणारा सरीसृप, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला, आहे हे १८०१ मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखले आणि पुढे नाव दिले. ग्रीकमध्ये 'प्टेरॉन' म्हणजे पंख, 'डाक्टिलोस' म्हणजे बोट. नाव अचूक आहे. हाताचे चौथे बोट अफाट वाढलेले, त्याच्यापासून अंगापर्यंत ताणलेला पडदा. उरलेली तीन बोटे छोटी, नख्यांची, मोकळी. वटवाघळाच्या पंखात चार बोटे गुंततात, इथे एकावर सगळा भार!

हा टेरोडॅक्टिल पंख पसरून जेमतेम मीटरभर भरे. टेक्सासमध्ये १९७१ साली सापडलेला क्वेत्झालकोआट्लस मात्र दहा मीटरच्या घरातला. त्याला टेरोडॅक्टिल म्हणणे कसेसेच वाटते. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या लांब शेपटीच्या टेरोसॉरपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या आखूड शेपटीच्या, बिनदाती महाकायांपर्यंत सगळे 'टेरोसॉर' या एका नावात मावतात.

'प्टेरोसॉर' लिहावे का? ग्रीकमधला प् इंग्रजी उच्चारात गळला आणि आपण तो उच्चार घेतला. हेलिकॉप्टरमध्ये हाच 'प्टेर' शाबूत आहे, आणि संस्कृतातल्या पंख या अर्थाच्या 'पत्र'शी त्याचे सख्खे नाते आहे. तरी रूढ झालेले 'टेरोसॉर' मोडू नये असे माझे मत.

मराठी शब्द म्हणून 'उडता सरडा' सुचतो खरा, पण ते नाव गोव्याच्या जंगलात झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या ड्रॅकोने आधीच अडवले आहे. शिवाय त्याचा पडदा बरगड्यांवर ताणलेला असतो. पहिल्या उल्लेखात 'टेरोसॉर हे उडणारे सरीसृप' लिहावे, पुढे नुसते टेरोसॉर. अनेकवचनही टेरोसॉरच, 'टेरोसॉर्स' नको.