पीआरच्या इंटर्नशिपमध्ये नुसती कात्रणंच काढायची का?

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातली, संभाजीनगरला पत्रकारितेत एमए करतेय. ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत लागले. महिना होत आला, पण काम काय तर सकाळी पेपर चाळायचे, क्लायंटच्या बातम्यांची कात्रणं स्कॅन करून मेल करायची आणि मग रिपोर्टरना 'प्रेस नोट मिळाली का' म्हणून फोन. पप्पा विचारतात काय शिकलीस, तर सांगताच येत नाही. सोडून देऊ का?

उत्तर : अगं, इतक्यात सोडू नको. तुला बोअर होणाऱ्या कामातच खरं शिकायचंय, फक्त ते बघायचं कसं हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कात्रण स्कॅन करून पुढं ढकलायच्या आधी एजन्सीने पाठवलेली मूळ नोट काढ आणि छापलेल्या बातमीशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाच. समज जालन्याच्या एखाद्या बियाणे कंपनीची नोट आहे, पहिला पॅरा अध्यक्षांचं मनोगत, दुसऱ्यात मान्यवरांची नावं आणि सगळ्यात शेवटी एक ओळ की शनिवारी शेतकऱ्यांना माती फुकट तपासून मिळेल. पेपरात मनोगत उडतं, मान्यवर उडतात आणि ती शेवटची ओळ हेडिंग होऊन वर येते. डेस्कने, म्हणजे पेपरात बातम्या संपादित करणाऱ्यांनी, काय ठेवलं, काय कापलं हे रोज बघत गेलीस की बातमी कशाला म्हणतात ते वर्गापेक्षा जास्त कळतं, मग तुझी नोट मातीच्या तपासणीपासूनच सुरू होईल. एखादी नोट सिनियरकडून मागून घे आणि स्वतः लिहून दाखव, वाट बघत बसू नको.

फोनचं म्हणशील तर नुसतं 'मिळाली का' विचारणारा फोन कुणालाच नको असतो, आणि संध्याकाळी पानं लागायच्या वेळी तर करूच नको. दुपारी कर आणि काहीतरी देण्यासाठी कर, फोटो पाठवू का, साहेबांशी बोलणं करून देऊ का असं. शेती कोण बघतं, एमआयडीसी कोण, महापालिका कोण, ही यादी तुझी स्वतःची पाहिजे. नोट युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, टाइप केलेली असू दे, फोटोखाली डावीकडून नावं, आणि आडनावं दोनदा तपास.

महिन्याच्या रिपोर्टला कात्रणांचे कॉलम सेंटिमीटर मोजून जाहिरातीचा रेट लावायला सांगतील, म्हणजे इतक्या लाखांची प्रसिद्धी झाली असं दाखवायला. करायला शिक, पण तो आकडा खरा धरू नको. २०१० मध्ये बार्सिलोनाला या क्षेत्रातल्याच लोकांनी मोजमापाची तत्त्वं ठरवली, त्यात जाहिरातीच्या दराने पीआरची किंमत ठरत नाही असं स्पष्ट म्हटलंय. बातमी वाचून शनिवारी किती शेतकरी आले हे विचारून रिपोर्टमध्ये टाक, क्लायंटला ते जास्त उपयोगाचं आहे.

आणि एखाद्या क्लायंटकडे आग, अपघात असं काही झालं तर त्या दिवशी सिनियरच्या जवळच बस. आधी फोन कुणाला जातो, कोणती माहिती खात्री झाल्याशिवाय दिली जात नाही, जखमींच्या घरच्यांना कोण सांगतं, हे सगळं बघ. १९०६ मध्ये अमेरिकेत एका रेल्वे अपघातानंतर आयव्ही ली या माणसाने कंपनीला झाकाझाक करू दिली नाही, उलट रिपोर्टरना घटनास्थळी नेलं आणि लेखी निवेदन दिलं, पहिली प्रेस नोट म्हणून त्या निवेदनाचंच नाव घेतात. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुला कुणी खोटं लिहायला सांगितलं तर नाही म्हणायचं बळ इथूनच येतं, आणि नाही म्हणायचंच, इंटर्न असलीस तरी.

पप्पांना तुझी नोट आणि छापलेली बातमी शेजारी ठेवून दाखव. स्टायपेंडचं काय ते एजन्सीत सरळ विचार, लाजू नको. शेवटी सर्टिफिकेट घेताना त्यावर नुसती तारीख नको, काय काय काम केलं तेही लिहून घे, आणि तू लिहिलेल्या नोटा फाइलला लावून ठेव, पुढच्या इंटरव्ह्यूला त्याच बघतात.